बीएचव्हीओ-२ : हवाईच्या बेसॉल्टची ही पावडर कशासाठी घ्यावी आणि कशासाठी घेऊ नये

ज्वालामुखी बेटांवरच्या खडकांतून प्रावरणाचा इतिहास वाचायचा, तर समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची, गुणोत्तरं पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापर्यंत पक्की लागतात. ती पक्की आहेत का हे तपासायला आपल्या नमुन्यांबरोबर एक असा खडक चालवावा लागतो, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, बीएचव्हीओ-२ ही बेसॉल्टची पावडर या कामासाठी जगभर वापरतात. निकाल सुरुवातीलाच सांगतो. स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि हाफ्नियमसाठी ती बिनधास्त घ्या. शिशासाठी मात्र बाटलीतली पावडर जशीच्या तशी विरघळवून आलेला आकडा हवाईच्या प्रावरणाचा म्हणून कुठेही छापू नका.

हा खडक हवाईच्या किलाउएया ज्वालामुखीचा. १९१९ साली हालेमाउमाउ विवरातून बाहेर वाहिलेल्या पाहोएहोए, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या, लाव्ह्याच्या पृष्ठथरातून तो गोळा केला आहे. याआधीची बीएचव्हीओ-१ याच प्रवाहातली. ती संपत आली तेव्हा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही दुसरी खेप तयार झाली. रचना साध्या थोलिआइटची, म्हणजे हवाईत नेहमी आढळणाऱ्या बेसॉल्ट प्रकाराची, आहे: सिलिका ४९.९ टक्के, मॅग्नेशियम ऑक्साइड ७.२३, टायटॅनियम ऑक्साइड २.७३, एकूण लोह फेरिक ऑक्साइडच्या हिशेबात १२.३, पोटॅश अर्धा टक्का. सूक्ष्म मूलद्रव्यांत स्ट्रॉन्शियम सुमारे ३९० ते ३९५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), निओडिमियम साधारण २४.५, हाफ्नियम ४.३च्या आसपास, रुबिडियम ९ ते १० आणि शिसं १.६ ते १.७ पीपीएम. शिशाचा हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी अडचण त्यातूनच येते.

प्रावरणाच्या अभ्यासकाला या खडकाचा मोठा फायदा त्याच्या वयात आहे. रुबिडियम-८७चं अर्धायुष्य जवळपास ५० अब्ज वर्षं, समेरियम-१४७चं सुमारे १०६ अब्ज वर्षं. १९१९नंतरच्या काळात या गुणोत्तरांत मोजता येण्याजोगा काहीच फरक पडलेला नाही. वयाची दुरुस्ती करावी लागत नाही, त्यामुळे तिच्यातून शिरणारी चूकही नाही. जे मोजाल ते थेट वितळलेल्या प्रावरणाचं गुणोत्तर. खडक ताजा आहे, समुद्राच्या पाण्याने बदललेला नाही, पोकळ्यांत नंतर साचणारं झिऑलाइट हे खनिज भरलेलं नाही. शिवाय किलाउएयाचे लाव्हे इतक्या बारकाईने अभ्यासले गेलेत की चुकीचा आकडा चटकन डोळ्यांत भरतो.

असेन्शन आणि गॉफ या अटलांटिकमधल्या दोन बेटांच्या लाव्ह्यांत शिशाची आणि स्ट्रॉन्शियमची गुणोत्तरं वेगवेगळी आहेत, हे गास्ट, टिल्टन आणि हेज यांनी १९६४ साली दाखवलं. प्रावरण एकजिनसी नाही, याचा तो पहिला ठोस पुरावा. पुढे १९८६ साली झिंडलर आणि हार्ट यांनी बेटांच्या आकड्यांतून प्रावरणाची टोकं, म्हणजे ज्यांच्या मिश्रणातून बाकीचे आकडे समजावता येतात अशा टोकाच्या रचना, मांडली: सेंट हेलेना आणि मांगाइयासारखं जास्त युरेनियम-शिसं गुणोत्तराचं टोक, आज पिटकेर्नवरून ओळखलं जाणारं पहिलं समृद्ध टोक, सामोआचं दुसरं. या टोकांमधली अंतरं मोठी आहेत. सेंट हेलेना-मांगाइयाकडे शिसं-२०६/२०४ हे २०.५च्या पुढे जातं, तर किलाउएया साडेअठराच्या आसपास असतो. इतक्या अंतरासाठी ओबडधोबड मोजमापही चालून गेलं असतं. आजचे प्रश्न मात्र एकाच बेटाच्या आतले आहेत. हवाईत 'केआ' आणि 'लोआ' अशा ज्वालामुखींच्या दोन समांतर रांगा आहेत, त्यांच्यातला फरक शिशाच्या तिन्ही गुणोत्तरांतून उलगडतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दशांशातला आहे. संदर्भ खडकाचीच तिथे गडबड असेल, तर बाकी मेहनत फुकट.

बाटलीसोबतच्या प्रमाणपत्राबद्दल नव्या विद्यार्थ्यांचा हमखास गैरसमज होतो. त्यावर ऑक्साइडांचे आणि सूक्ष्म मूलद्रव्यांच्या प्रमाणांचे आकडे असतात. काही शिफारस केलेले, काही फक्त माहितीसाठी. समस्थानिकांच्या गुणोत्तरांसाठी ते कामाचं नाही. ती जिओरेम या जर्मनीत सांभाळल्या जाणाऱ्या संदर्भ-नमुन्यांच्या खुल्या कोशातून आणि मूळ शोधनिबंधांतून घ्यावी लागतात. सगळ्यात जास्त वापरात असलेले आकडे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॉमिनिक वाइस आणि सहकाऱ्यांच्या २००५-०६च्या कामातले: स्ट्रॉन्शियम-८७/८६ हे ०.७०३४७९, निओडिमियम-१४३/१४४ हे ०.५१२९८४ आणि हाफ्नियम-१७६/१७७ हे ०.२८३१०५. पहिल्यात शेवटच्या दोन अंकांत वीसचा, बाकी दोन्हींत साधारण अकराचा फरक दोन सिग्मावर धरलेला आहे.

हे आकडे उचलताना ते कोणत्या मानकाच्या कोणत्या आकड्याशी जुळवलेत हे सोबत उचला. स्ट्रॉन्शियम एनबीएस-९८७ = ०.७१०२४८शी, निओडिमियम ला होया = ०.५११८५८शी, हाफ्नियम जेएमसी-४७५ = ०.२८२१६०शी. आज बहुतेक ठिकाणी ला होयाऐवजी जपानचं जेएनडीआय-१ वापरतात. त्याचा समतुल्य आकडा ०.५१२११५. तुमच्या यंत्रावर त्या दिवशी जेएनडीआय ०.५१२१०० आलं, तर सगळ्या नमुन्यांना ०.५१२११५ भागिले ०.५१२१०० या गुणकाने गुणा आणि बीएचव्हीओ-२लाही तोच गुणक लावा. तो न लावता बीएचव्हीओ-२ बरोबर आलं म्हणून समाधान मानणं म्हणजे दोन चुका एकमेकींना झाकत असण्याची शक्यता उघडी ठेवणं. एप्सिलॉन, म्हणजे काँड्राइट उल्कांच्या गुणोत्तरापासूनचा दहा हजारांत मोजलेला फरक, काढताना काँड्राइटचा आकडाही नोंदवा: ०.५१२६३८ धरला तर बीएचव्हीओ-२ अधिक ६.७ येतं, ०.५१२६३० धरला तर अधिक ६.९. खडक तोच, मोजमाप तेच, तरी ०.१६ एप्सिलॉनचा फरक.

विरघळवणं सोपं आहे, आणि हा या पावडरीचा मोठा गुण. यात झिरकॉन नाही, त्यामुळे उच्च दाबाच्या स्टीलच्या बंद पात्राची ('बाँब'ची) गरज पडत नाही. आधी बाटली बंद ठेवूनच हळूहळू आडवी-उभी फिरवून घ्या. बराच काळ उभी राहिलेल्या पावडरीत जड कण तळाशी बसतात. लागेल तेवढीच पावडर प्लास्टिकच्या चमच्याने काढा, १०५ ते ११० अंशांवर दोन तास सुकवा आणि उरलेली बाटलीत परत टाकू नका. १०० मिलिग्रॅम पावडर टेफ्लॉनच्या झाकणाच्या बीकरमध्ये घेऊन तिच्यावर २ मिलिलिटर तीव्र हायड्रोफ्लोरिक आणि अर्धा मिलिलिटर तीव्र नायट्रिक ॲसिड घाला, झाकण घट्ट लावून १२० ते १३० अंशांच्या हॉटप्लेटवर ४८ तास ठेवा. मग सुकवा, ६ मोलरचं हायड्रोक्लोरिक घाला आणि पुन्हा २४ तास बंद ठेवा. हायड्रोफ्लोरिकचं काम फ्यूम हूडखाली, योग्य हातमोजे घालून आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवूनच करायचं.

इथली सर्वांत सामान्य चूक म्हणजे सुकवताना तापमान वाढवून घाई करणं. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमची फ्लोराइडं घट्ट होऊन तळाशी पांढरा थर बसतो, आणि तो एकदा कडक झाला की सहजी विरघळत नाही. त्यात निओडिमियम, ल्युटेशियम यांसारखी विरळ मृदा मूलद्रव्यं अडकतात. निओडिमियमच्या गुणोत्तराला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण समेरियम-निओडिमियम किंवा ल्युटेशियम-हाफ्नियमचं प्रमाण मोजायचं असेल तर आकडे सरळ चुकतात, कारण ल्युटेशियम फ्लोराइडात जातं आणि हाफ्नियम द्रवात राहतं. द्रावण सेंट्रिफ्यूज करून तळाशी ठिपकाभरही पांढरं दिसलं तर पुढे जाऊ नका. पुन्हा ६ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये घ्या, गरज पडल्यास थोडं बोरिक ॲसिड द्या.

१०० मिलिग्रॅममधून ३९ मायक्रोग्रॅम स्ट्रॉन्शियम, जवळपास अडीच मायक्रोग्रॅम निओडिमियम, ०.४ मायक्रोग्रॅमच्या वर हाफ्नियम आणि सुमारे १६५ नॅनोग्रॅम शिसं मिळतं. कुठल्याही आधुनिक बहुसंग्राहक वस्तुमानमापक यंत्राला हे पुरून उरतं.

मूलद्रव्यं वेगळी करणाऱ्या रेझिनच्या स्तंभांवर बीएचव्हीओ-२ जिथे त्रास देतं, त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली लोहाची. निओडिमियमसाठी ट्रू रेझिन वापरत असाल तर १२ टक्के फेरिक ऑक्साइडइतकं लोह सरळ जागा अडवून बसतं आणि विरळ मृदा मूलद्रव्यं आधीच निसटतात. नमुना चढवण्याआधी थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून लोह फेरिकचं फेरस करा; पिवळा रंग जाईपर्यंत थांबा, मगच चढवा. दुसरी टायटॅनियमची. पावणेतीन टक्के टायटॅनियम ऑक्साइड असल्याने हाफ्नियमच्या भागात टायटॅनियम राहून गेलं तर यंत्राच्या संवेदनशीलतेवर आणि वस्तुमान-भेदावर (जड आणि हलके अणू यंत्रात कमी-जास्त मोजले जाण्यावर) परिणाम होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या ॲसिडने ते केशरी रंगात बाहेर पडताना दिसतं. रंग पूर्ण थांबल्याशिवाय हाफ्नियम उतरवू नका.

स्ट्रॉन्शियम स्पेक रेझिनवर ३ मोलर नायट्रिकमध्ये चढवा, ७ ते ८ मोलर नायट्रिकने बेरियम धुऊन काढा आणि ०.०५ मोलर नायट्रिकने स्ट्रॉन्शियम उतरवा. आकडा ०.७०३५२च्या वर गेला तर आधी रुबिडियम-८५चा सिग्नल बघा, कारण उरलेलं रुबिडियम-८७ थेट स्ट्रॉन्शियम-८७मध्ये मिसळतं. आर्गॉन प्लाझ्माच्या वस्तुमानमापकावर चालवत असाल तर आर्गॉनमधलं क्रिप्टॉनही ८४ आणि ८६वर बसतं. क्रिप्टॉन-८३ सतत मोजा आणि स्ट्रॉन्शियम-८४/८६ हे ०.०५६५च्या जवळ आहे का ते पाहा. ते हललेलं असेल तर ८७/८६ कितीही सुंदर दिसो, तो दिवस बाद धरा. निओडिमियमसाठी हीच साक्ष १४५/१४४ देतं: ०.३४८४१च्या आसपास स्थिर हवं. १४४वर समेरियमही येतं, म्हणून समेरियम-१४७वर लक्ष ठेवा.

आता शिसं.

बीएचव्हीओ-२ न धुता विरघळवलं तर शिसं-२०६/२०४ साधारण १८.६५, २०७/२०४ सुमारे १५.५३ आणि २०८/२०४ सुमारे ३८.२४ येतं. पहिल्या आकड्यात खटकण्यासारखं काही नाही. दुसरा नीट बघा. जपून कुटलेल्या, नीट धुतलेल्या किलाउएयाच्या लाव्ह्यांत २०७/२०४ हे १५.५च्या खाली असतं. १५.५३ हा आकडा त्या ज्वालामुखीच्या क्षेत्राबाहेर जातो, आणि जातो तो औद्योगिक शिशाच्या दिशेने, जिथे २०७/२०४ जास्त असतं. म्हणजे १.६५ पीपीएममधला काही भाग हवाईच्या प्रावरणातून आलेलाच नाही. खडक कुटताना आणि दळताना तो पावडरीत शिरला. बीएचव्हीओ-१मध्येही हेच आहे, उलट जास्तच. वुडहेड आणि हर्ग्ट यांनी २००० साली यूएसजीएसच्या संदर्भ पावडरींतल्या शिशाकडे लक्ष वेधलं, आणि वाइस यांच्या गटाने धुवण्याच्या प्रयोगांतून ते पक्कं केलं. त्याच गटाने १९१९च्याच प्रवाहातला वेगळा दगड घेऊन, जपून कुटून केआयएल-१९१९ नावाचा नमुना तुलनेसाठी तयार केला.

हे मिश्रण सगळ्या बाटल्यांत सारखं असतं, तर एक वेळ चाललं असतं. पण बाहेरचं शिसं बारीक कणांत विखुरलेलं असल्याने एका १०० मिलिग्रॅमच्या चिमटीत आणि दुसऱ्या चिमटीत फरक येतो. न धुतलेल्या बीएचव्हीओ-२ची २०६/२०४मधली पुनरावृत्ती दुसऱ्या दशांशात डळमळते, तर एनबीएस-९८१ हे शुद्ध शिशाचं द्रावण त्याच यंत्रावर तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर असतं. इथे विद्यार्थी आपल्या स्वच्छ खोलीला दोष देतात आणि आठवडेच्या आठवडे ॲसिडं पुन्हा ऊर्ध्वपातित करत बसतात. साधा हिशेब करा: प्रक्रियेत ॲसिडांतून-हवेतून शिरणारं शिसं ('ब्लँक') ५० पिकोग्रॅम धरलं, तरी १६५ नॅनोग्रॅमसमोर ते ०.०३ टक्के. दोष खोलीत नाही, बाटलीत आहे.

उपाय आहे, आणि तो मेहनतीचा असला तरी खात्रीचा आहे: विरघळवण्याआधी ॲसिडने धुणं. ३०० मिलिग्रॅम पावडर घ्या, कारण बरीचशी वाहून जाणार आहे. १५ मिलिलिटरच्या बीकरमध्ये ६ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून २० मिनिटं अल्ट्रासॉनिक पात्रात ठेवा. कण खाली बसले की वरचं ॲसिड लगेच ओतून टाका आणि नवं घाला. पहिल्या काही फेऱ्यांत द्रावण गडद पिवळं-हिरवट येतं, मग फिकट होत जातं. वरचं द्रावण स्वच्छ, बिनरंगी येईपर्यंत थांबायचं नाही. बेसॉल्टला सहसा आठ ते बारा फेऱ्या लागतात. शेवटी दोनदा अतिशुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक करा, सुकवा, वजन करा. एक तृतीयांश ते निम्म्याहून जास्त वजन गेलेलं असेल आणि शिशाचा त्याहून मोठा वाटा. उरतं ते मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्झिन, म्हणजे लाव्हा थिजताना ज्यांच्यात शिसं बंद झालं ते कण. उरलेलं शिसं काही दहा नॅनोग्रॅम असलं तरी मापनाला पुरतं.

यात दोन ठिकाणी काम बिघडतं. पाच-सहा फेऱ्यांत कंटाळून थांबलं की अर्धवट धुतलेला अवशेष मिळतो आणि त्याचं गुणोत्तर ना खडकाचं, ना बाटलीचं. दुसरं, धुतलेल्या अवशेषावर शिशाचं, युरेनियमचं, रुबिडियमचं प्रमाण मोजून ते खडकाचं म्हणून वापरणं. धुण्यात जनक (ऱ्हास पावणारी) आणि जन्य (त्यातून बनणारी) मूलद्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात जातात. प्रमाणं नेहमी न धुतलेल्या पावडरीवर मोजा, गुणोत्तरं धुतलेल्यावर. बीएचव्हीओ-२ला वय नसल्यात जमा, म्हणून तिथे हे खपून जातं, डेक्कनच्या ६.६ कोटी वर्षांच्या बेसॉल्टला खपत नाही. रुबिडियम-८७/स्ट्रॉन्शियम-८६ हे ०.१ असेल तर तेवढ्या काळाची दुरुस्ती ०.००००९ होते, म्हणजे मोजमापाच्या त्रुटीच्या चार-पाचपट.

डेक्कनवर काम करणाऱ्यांनी ही पावडर घ्यावी का? हो, पण एकटी नको. डेक्कनमधल्या आंबेनळीच्या लाव्ह्यांत सुरुवातीचं स्ट्रॉन्शियम-८७/८६ साधारण ०.७०३८ ते ०.७०४४ असतं, रीयुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीचं ०.७०४१च्या आसपास. सह्याद्रीतला लाव्हा आणि हिंदी महासागरातलं बेट यांचं नातं तपासायचं, तर चौथ्या-पाचव्या दशांशात भांडावं लागतं. बीएचव्हीओ-२ त्यांच्या खाली, ०.७०३४८वर बसतं. सोबत बीसीआर-२ घ्या: तेही यूएसजीएसचंच, कोलंबिया नदीच्या पूर-बेसॉल्टचं, ०.७०५०१ आणि ०.५१२६४च्या आसपास. दोघांच्या मध्ये तुमचे नमुने येतात आणि खडकाची घडणही जुळते. डेक्कनच्याच बुशे समूहासारख्या कवचाने दूषित झालेल्या, ०.७१च्या पुढच्या लाव्ह्यांना दोन्ही खालच्या बाजूलाच पडतात, पण तिथे एवढ्या बारकाईची गरजही नसते. बीसीआर-२ शिशासाठी निर्दोष पर्याय म्हणून घेत असाल तर तसं नाही. तीही धुवावीच लागते. शिवाय तिच्यात मॉलिब्डेनम सुमारे २५० पीपीएम आहे, ते खडकातलं नाही, दळण्यातलं आहे. मॉलिब्डेनमवर काम करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

लेसरने बिंदू-बिंदू मोजणाऱ्यांसाठी हीच पावडर वितळवून केलेली बीएचव्हीओ-२जी ही काच मिळते. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी ती उत्तम. शिशाच्या गुणोत्तरासाठी तिचा आकडा वेगळा संदर्भ म्हणूनच घ्या, कारण वितळल्यावर बाहेरचं शिसं काचेत कायमचं मिसळलेलं असतं आणि ते धुऊन काढण्याची वाटच उरत नाही. ऑस्मियमसाठी ही पावडर घेऊ नका. ऑस्मियम मोजक्या सूक्ष्म दाण्यांत साठतं आणि दर चिमटीला आकडा बदलतो. हीलियमचा प्रश्नच येत नाही: बेटांच्या अभ्यासात हीलियम-३/४ला मोठं महत्त्व आहे, पण ते ऑलिव्हिनच्या अखंड स्फटिकांतून मोजायचं असतं. भाजून वजनातली घट मोजणाऱ्यांनी उणे आकडा आला तर घाबरू नये, फेरस लोह ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतं.

शोधनिबंधाच्या तक्त्यात बीएचव्हीओ-२ची ओळ छापताना तिच्यासमोर चार गोष्टी लिहा: धुतलेली की न धुतलेली, धुतली असल्यास कोणत्या ॲसिडने आणि किती फेऱ्या, किती स्वतंत्र विरघळवण्यांची सरासरी, आणि कोणत्या मानकाच्या कोणत्या आकड्याशी जुळवलेली. एकाच द्रावणाची दहा मापनं म्हणजे दहा विरघळवण्या नव्हेत. पावडरीतला शिशाचा विस्कळीतपणा फक्त स्वतंत्र विरघळवण्यांतून दिसतो. किमान तीन स्वतंत्र चिमट्या, वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण प्रक्रियेतून.